ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या पक्षीगणनेला स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदाच जातोय. कोणती दुर्बीण घेऊ आणि हजारोंचे थवे मोजणं मला जमेल का?

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची. 10×50 वाल्यांचं ऐकू नका, हलत्या नावेत तिच्यातून दिसणारं सगळं थरथरतं. मोजणीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण याच विषयावरून माझं एका ज्येष्ठ पक्षीमित्रांशी जे बिनसलं, ते आजही तसंच आहे.

जानेवारीतली पहाट होती, आमच्या गटाकडे सरोवरातल्या नलबण बेटाचा एक पट्टा. धुकं उठलं तेव्हा समोर तलवार बदकं, मलिन बदकं, मधूनमधून चक्रवाक. इंजिन बंद करून नाववाले काका बांबूने नाव ढकलत होते. मी शंभर पक्षी नीट मोजून घेतले, तेवढ्या थव्याचा आकार डोळ्यांत धरला आणि तसे तुकडे पाडत पुढे सरकत होते. तलवार बदकांच्या सतराशेपर्यंत आले होते. तेवढ्यात आमचे गटप्रमुख म्हणाले, "असं कधी संपायचं? उडव त्यांना. उडाले की लगेच अंदाज येतो."

मी नाही म्हटलं. "किती वर्षं पक्षी बघतेस गं?" म्हणाले. चार वर्षं झाली होती, त्यांची वीस. काकांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "साब, खाने बैठा है, क्यों उड़ाएगा?" त्यांचंही ऐकलं नाही. साहेबांनी नावेच्या कडेवर वल्हं आपटलं.

पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज झाला आणि अख्खं पाणी उठलं. थवा एक फेरा मारून थेट शेजारच्या गटाच्या पट्ट्यात जाऊन बसला. संध्याकाळी तक्ते जुळवताना त्यांच्याकडे तलवार बदकं भरपूर, आमच्याकडेही भरपूर. हे तेच पक्षी आहेत, असं मी सर्वांसमोर म्हटलं. "उगाच शंका काढू नकोस," एवढंच उत्तर मिळालं आणि दोन्ही आकडे बेरजेत गेले.

हा आकडा शोभेचा नसतो. समुद्राकडचं मुख गाळाने अडलं, पाण्याचा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि 1993 मध्ये चिलिकाचं नाव धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो यादीत गेलं. सप्टेंबर 2000 मध्ये नवं मुख खणलं, 2002 मध्ये नाव यादीतून निघालं. आशियात असं पहिल्यांदाच घडलं होतं. ही सुधारणा टिकते आहे की नाही, हे ओळखायचं एक साधन म्हणजे दर जानेवारीची ही मोजणी. तिथे एकच बदक दोनदा लिहिलं, तर आपण सरोवराबद्दल खोटं बोललो.

शिवाय उडवण्याची किंमत पक्षी मोजतात. पट्टकदंब हंसांना परतीच्या वाटेवर हिमालय ओलांडायचा असतो, त्यासाठी लागणारी चरबी ते याच चिखलात चरून साठवतात. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.

जमेल का विचारलंत, तर जमेल. घराजवळच्या तलावावर आधी पन्नास-शंभरच्या थव्यांवर हात बसवा. दोघांनी वेगवेगळं मोजा, मग ताडून पाहा. थवा आपणहून उडाला तर वेळ, संख्या आणि गेला ती दिशा लिहा आणि शेजारच्या गटाला लगेच फोन करा. त्या दिवशी आम्ही एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

एक राहिलं. दाट नळगवतात दडलेले पक्षी कधीकधी बाहेर आल्याशिवाय मोजताच येत नाहीत, हे मान्य. मादी तलवार आणि मादी मलिन यांतला फरक मला त्याच साहेबांनी शिकवला, हेही खरं. पण नलबणावर बदकं उघड्या पाण्यात बसली होती आणि वल्हं आपटायचं काहीच कारण नव्हतं. तुमच्या गटप्रमुखांना नावेत चढण्याआधीच विचारून घ्या, थवे उडवणार का म्हणून. हो म्हणाले तर दुसरा गट मागा.