माल कुठे थांबतो ते बघ

बेळगाव

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी लागली, पहिल्याच दिवशी मालकांनी केबिनमध्ये बसवून "आमच्याकडं सिस्टीमच नाही, तुम्ही बसवा" म्हणून सांगितलं, आणि आता तीन सॉफ्टवेअरची कोटेशनं पुढ्यात ठेवून यातलं कुठलं घेऊ, असं तू विचारतेस. एकही घेऊ नकोस. निदान दोन महिने तरी नको. सिस्टीम नाही असा कारखाना मी अजून बघितलेला नाही. ती असते, फक्त लिहिलेली नसते. थोडी स्टोअरवाल्याच्या खिशातल्या डायरीत, थोडी सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर आणि उरलेली सगळी मालकांच्या डोक्यात. आधी ती वाच.

त्यासाठी एक जॉब, म्हणजे कामाला आलेला एक नग, धर. कच्चं कास्टिंग (ओतीव नग) गेटमधून आत आल्यापासून टेम्पोत चढेपर्यंत त्याच्या मागे फिर. हातात वही आणि घड्याळ. वहीत दोनच रकाने कर: काम चाललंय, पडून आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मी हे केलं तेव्हा एका नगावर सगळं मिळून जेमतेम दोन तास काम झालं होतं आणि त्याचा कारखान्यातला मुक्काम होता अठरा दिवस. आमचे साहेब त्याच महिन्यात, त्या दोन तासांतली दहा मिनिटं वाचवायला, महागाचं टूल मागवत होते. टूल चांगलंच होतं म्हणा.

मुक्कामाचं गणित सोपं आहे. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ साली ते सिद्ध करून दाखवलं. आत पडून असलेल्या मालाला रोज बाहेर जाणाऱ्या मालानं भाग, की सरासरी मुक्काम निघतो. फ्लोअरवर ६०० नग असतील आणि रोज ३० डिस्पॅच होत असतील, तर आज आत आलेला नग साधारण २० कामाच्या दिवसांनी बाहेर पडणार. मालक गिऱ्हाइकाला दहा दिवसांचा शब्द देत असतील, तर पुढं ऑपरेटरवर कितीही ओरडून उपयोग नाही. हे काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. सुट्टीच्या दिवशी दोन माणसं आणि खडू घेऊन नग मोज.

माल थांबतो त्या जागा बहुतेक वेळा यंत्राजवळ नसतातच. एका ठिकाणी आमचे शाफ्ट ग्राइंडिंगला शिनोळीला जायचे. शिनोळी म्हणजे इथून चहा पिऊन निघालं तर पोटातला चहा गार व्हायच्या आत पोचतो. पण मधे राज्याची हद्द, शिनोळी महाराष्ट्रात. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून आणायचा, माल हद्दीपलीकडं पाठवायचा, तर त्याची किंमत कितीही कमी असू दे, ई-वे बिल, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढायचा माल वाहतुकीचा कागद, लागतं. पन्नास हजारांच्या आतला आहे म्हणून सुटका नाही. पोर्टलचा पासवर्ड एकट्या अकाउंटंटकडं, आणि तो यायचा दुपारी तीनला. सकाळी तयार झालेला माल संध्याकाळी निघायचा, तोवर ग्राइंडिंगवाला दुसऱ्याचं काम लावून मोकळा झालेला. आमचा नंबर दुसऱ्या दिवशी. मग स्टोअरवाल्यानं डोकं चालवलं: रोज कशाला हा व्याप, आठवड्याचा माल एकदम पाठवू. झालं, सहा दिवस तिथंच गेले. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये शिव्या कुणाला? ग्राइंडिंगवाल्याला. "महाराष्ट्रातल्या लोकांना वेळेची किंमत नाही," असंही एकजण म्हणाला, आणि तो स्वतः चंदगडचा जावई! पोर्टलवर सब-युजर, म्हणजे वेगळ्या पासवर्डचा दुसरा वापरणारा, करता येतो. स्टोअरवाल्याला तो करून दिला आणि माल रोज सकाळी जायला लागला. एवढंच औषध होतं.

आता भाषेचं सांगतो, कारण आपल्याकडं हे फार आहे आणि पुण्याच्या कन्सल्टंटला ते दिसत नाही. ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर येळ्ळूरचा मराठी, ऑपरेटर बैलहोंगलकडचा कन्नड, हेल्पर बिहारचा. सुपरवायझरनं मापाबद्दल विचारलं, "गेज लावून बघितलंस काय रे?" ऑपरेटर म्हणाला, "आय्तु." सुपरवायझर पुढं गेला. काही दिवसांनी तो लॉट गिऱ्हाइकाकडून डेबिट नोटसकट, म्हणजे पैसे कापल्याच्या कागदासकट, परत आला. ऑपरेटर खोटं बोलला, असं मीटिंगमध्ये ठरलं आणि त्या पोराला काढलं. मान हलवणाऱ्यांत मीही होतो.

पुढं वर्षभरानं मी शेजारच्या अक्कांना सांगितलं, की पाण्याच्या मोटारीच्या खर्चाचा माझा वाटा उद्या देतो. त्या म्हणाल्या, "आय्तु." तेव्हा डोक्यात लख्ख झालं. आय्तु म्हणजे "झालं", आणि आय्तु म्हणजे "बरं" सुद्धा. पोरगा "बरं, बघतो" म्हणत होता. सुपरवायझरनं "बघून झालं" ऐकलं. त्या पोराचा पत्ता नंतर मला लागला नाही.

तेव्हापासून जॉब कार्डावरचा (नगाबरोबर फिरणाऱ्या कागदावरचा) "तपासले"चा रकाना मी जिथं दिसेल तिथं काढून टाकतो आणि मोजलेलं माप लिहायला लावतो. मोजल्याशिवाय बरोबरची खूण करता येते, माप लिहायचं तर निदान गेज हातात घ्यावं लागतं. काहीजण अंदाजानंही लिहितील, पण वीस नगांना एकच माप दिसलं की तुला कळेल. तसंच एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेलं आठवड्याचं रजिस्टर. त्यावरून आलेख काढत बसू नकोस.

माणसांना "प्रॉब्लेम काय आहे?" असं विचारू नकोस. उत्तरात दुसऱ्या खात्याचं नाव मिळेल. "काल शेवटचं कशासाठी थांबलात?" असं विचार. आणि उभ्या उभ्या नको, कॅन्टीनमध्ये विचार. जुलैचं हजेरीपुस्तकही चाळ. खानापूरकडची माणसं भाताच्या लावणीला जातात. लावणी दर वर्षी येते आणि दर वर्षी मालकांना नवल वाटतं.

माल गेल्यावरही वही मिटू नकोस. बिल मालाबरोबर जातं, पण गिऱ्हाइकाच्या स्टोअरची पोच आणायला कुणाचीच नेमणूक नसते, आणि ती नसली की तिकडं बिल पुढं सरकत नाही. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. स्वीकारल्याचा कागद हातात नसेल तर भांडणार कशावर?

एक नाजूक गोष्ट राहिली. तुझ्या वहीत मालकांचं नाव येणार. टूल खरेदीचा प्रत्येक कागद त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडलेला असतो आणि ते निपाणीला लग्नाला गेलेले असतात. हे मीटिंगमध्ये बोलू नकोस. तारखांची वही घेऊन संध्याकाळी, दिवसाची धावपळ संपल्यावर जा. "अमुक रकमेपर्यंतची सही सुपरवायझरला दिली तर किती दिवस वाचतील, बघा" एवढंच म्हण आणि रक्कम त्यांना ठरवू दे. रागावले तर रागावू दे. मला एकानं तीन दिवस केबिनमध्ये घेतलं नव्हतं, चौथ्या दिवशी स्वतःच पाच हजारांचा आकडा लिहून पाठवला.

सोमवारी पहिल्या कास्टिंगला लाल चिंधी बांध, म्हणजे गर्दीत हरवणार नाही. सेफ्टी शूज घाल, चपलांवर फिरू नकोस. शनिवारी वहीच्या पानांचे फोटो पाठव, सुवाच्य नसले तरी चालतील. नंतर नीट उतरवून काढलेली प्रत मला नको.

तुझा,
काका