अमोनियाची अभिक्रिया उष्मादायी, मग तापमान ४५० अंश कशाला?

शंका रास्त आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया होताना सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे ल शातेलिएच्या तत्त्वानुसार (समतोलात बदल केला, की अभिक्रिया तो बदल कमी करणाऱ्या बाजूला सरकते) कमी तापमानाला समतोल अमोनियाकडेच झुकतो. पण झुकणं वेगळं, तिथवर पोचणं वेगळं! नायट्रोजनचा तिहेरी बंध भलता चिवट, सहज तुटत नाही. गार ठेवून वाट बघाल तर सेमिस्टर संपेल. म्हणून लोहाचा उत्प्रेरक आणि ४००-५०० अंश. एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन अशा चार रेणूंचे अमोनियाचे दोन होतात, म्हणून शिवाय दाबही प्रचंड. उत्प्रेरक वेग वाढवतो, समतोल स्थिरांक (समतोल किती अमोनियाकडे झुकेल ते सांगणारा आकडा) बदलत नाही (व्हायव्हात इथेच घसरतात). एका फेरीत थोडाच अमोनिया मिळतो; तो गार करून काढतात, उरलेला वायू परत आत. बडोद्यात असाल, तर फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात प्लांट व्हिजिट मिळते का बघा.