सिझेरियनच्या स्पायनलमध्ये काय मिसळावं? आधी ते मोजणार कशात, ते ठरवा

प्रश्न: नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू होतोय. सिझेरियनच्या स्पायनलमध्ये (कमरेच्या मणक्यांतून दिलेली भूल) हेवी बुपिव्हाकेन या मुख्य भुलेच्या औषधाबरोबर फेंटानिल, मॉर्फीन, क्लोनिडीन, डेक्समेडेटोमिडीन यांतलं सर्वांत चांगलं कोणतं? तिथले सर्जन म्हणतात, काहीच मिसळू नका.

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण चोपड्यापासून अक्कलकुव्यापर्यंत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हेच ऐकू येतं: ‘इतकी वर्षं साध्या हेवीवर सिझर केली, काय बिघडलं?’

काय बिघडतं ते सांगतो. पाय जड होतात, चिरा कळत नाही, बाळ निघेपर्यंत सगळं शांत असतं. मग युटेरस (गर्भाशय) पोटाबाहेर काढला, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) ओढलं, बाजूला मॉप फिरवला की बाई कण्हायला लागते, ओकारी येते. ‘दुखस का?’ विचारलं तर नाही म्हणते, पण पोटात ओढतंय, जीव घाबरतोय म्हणते. लगेच शिरेतून गुंगी आणणारं केटामिन किंवा मिडाझोलम जातं आणि कागदावर ‘स्पायनल उत्तम’ अशी नोंद होते. आपलं बाळ पहिल्यांदा पाहिल्याचं तिला पुढे आठवत नाही. याला यशस्वी स्पायनल म्हणायला माझा ठाम विरोध आहे. ही आतली ओढ थोपवायचं काम फेंटानिल करतं. ते मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या ओपिऑइड (अफूवर्गी औषधांच्या) रिसेप्टरवर बसतं, ५ ते १० मिनिटांत लागू होतं आणि २ ते ४ तास टिकतं. थरथरही कमी होते. नंदुरबारच्या सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) पट्ट्यात या थरथरीला जास्त किंमत आहे, कारण थंडी, बीपी पडणं आणि ऑक्सिजन कमी होणं या तिन्हींनी सिकलसेलचा क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, ओढवतो.

काही न मिसळता हीच ओढ दाबायला जाणारे हेवी २.६, कधी ३ मिलीपर्यंत चढवतात. आपल्याकडच्या १४५ सेंटिमीटरच्या बाईला तेवढा डोस दिला तर लेव्हल, म्हणजे भूल चढण्याची पातळी, मानेकडे सरकते, हात मुंग्यावतात, बीपी कोसळतं. फेंटानिल असेल तर १.८ ते २ मिली, म्हणजे ९ ते १० मिलिग्रॅम, बहुतेकींना पुरतं. त्याखाली उतरू नका. पाठीत औषध वाढवून देता येणारी बारीक नळी (एपिड्युरल कॅथेटर) नसताना कमी डोस दिला तर टाके घालतानाच असर उतरतो. ‘बाळ झोपतं’ हा आक्षेपही टिकत नाही. पाठीतून दिलेल्या १५ मायक्रोग्रॅममधून बाळापर्यंत जवळपास काहीच जात नाही. आईचं वरचं बीपी दहा मिनिटं ८० पर्यंत उतरून राहिलं तर मात्र बाळ मलूल होऊ शकतं.

तर माझी निवड: फेंटानिल, १० ते १५ मायक्रोग्रॅम. २५ देऊन फायदा फारसा वाढत नाही, खाज वाढते.

आता मोजण्याबद्दल, कारण घोळ इथेच होतो. फेंटानिल १ मिलीत ५० मायक्रोग्रॅम असतं, म्हणून १५ म्हणजे ०.३ मिली. ५ मिलीच्या सिरिंजवर ०.२ मिलीच्या रेघा असतात, त्यावर ०.३ अंदाजानेच येतं. म्हणून सगळे इन्सुलिन सिरिंज घेतात, आणि आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीची यू-४०: १ मिली म्हणजे ४० युनिट. नारिंगी टोपीची यू-१००: १ मिली म्हणजे १०० युनिट. ०.३ मिली पहिलीत १२ युनिट, दुसरीत ३० युनिट. सिस्टरला ‘३० युनिट भर’ सांगितलं आणि हाताला लाल टोपी लागली, तर ०.७५ मिली, म्हणजे ३७.५ मायक्रोग्रॅम जातं. फेंटानिलमध्ये हे बहुतेक वेळा खाजेवर आणि गुंगीवर निभावतं. डेक्समेडेटोमिडीन १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. पाठीत ५ द्यायचं म्हणजे ०.०५ मिली, यू-१०० वर ५ युनिट. तेच ५ युनिट लाल टोपीने घेतले तर साडेबारा मायक्रोग्रॅम, आणि नाडी ४५ पर्यंत उतरू शकते. म्हणून ओटीत एकाच प्रकारची सिरिंज ठेवा, आणि तोंडाने युनिट कधीच सांगू नका. मिली सांगा, मायक्रोग्रॅम सांगा, भरलेली सिरिंज स्वतः पाहा. सिरिंज निर्जंतुक पाकिटातली हवी. अँप्यूल बाहेरून निर्जंतुक नसते, ती दुसऱ्याने धरायची आणि तुम्ही बारीक सुईने ओढायचं. बारीक सुईतून काचेचे कणही कमी येतात.

मॉर्फीनला मोजणं आणखी कठीण. अँप्यूल १ मिलीत १० किंवा १५ मिलिग्रॅमची, आणि पाठीत हवं १०० ते १५० मायक्रोग्रॅम. सरळ मोजताच येत नाही. १० मिलिग्रॅमची प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली अँप्यूल सलाइनने १० मिली करा, मग ०.१ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. १५ ची अँप्यूल १० समजून घेतली की डोस दीडपट, आणि पातळ करायचं राहिलं तर दहापट. लेबल दोघांनी मोठ्याने वाचा.

मॉर्फीनचा गुण निर्विवाद आहे. लागू व्हायला तास-दीड तास लागतो, पण १२ ते २४ तास दुखणं आटोक्यात राहतं, बाई उठून बसते, बाळाला पाजते. श्वास मंदावण्याचा धोका या डोसला थोडा असला तरी उशिरा येतो, तुम्ही घरी पोचल्यावर. १५० पर्यंतच्या डोसला निरोगी बाईचेसुद्धा श्वास आणि गुंगी पहिले १२ तास दर २ तासांनी पाहायला हवेत. रात्री सगळ्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तर हे होणार आहे का, हे आधी तिलाच विचारा. होणार नसेल तर मॉर्फीन देऊ नका. त्याऐवजी दर सहा तासांनी पॅरासिटामॉल १ ग्रॅम, सोबत डायक्लोफिनॅक, आणि टाके घालताना सर्जनकडून जखमेच्या कडांत ०.२५ टक्के बुपिव्हाकेन २० मिली. टॅप ब्लॉक (सोनोग्राफीत पाहून पोटाच्या स्नायूंच्या थरांत दिलेली भूल) हाही पर्याय आहे, पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन बॅगेत घालून गावोगाव फिरता येत नाही. रुग्णालयाचं नोंदणीकृत मशीन वापरता येत असेल तर जरूर करा.

मॉर्फीन दिलंच आणि खाज सुटली, तर ॲलर्जीवरचं अविल टोचू नका. ही खाज हिस्टामिनची नाही. अविलने बाई फक्त झोपते, आणि गुंगी कशाची हेच कळेनासं होतं. नॅलब्युफिन २.५ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून द्या. मॉर्फीनचा उतारा, नॅलोक्सोन, वॉर्डात हाताशी हवा.

‘फेंटानिल मिळत नाही, म्हणून डेक्समेड’ हे कारण मला पटत नाही. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. फेंटानिल आणि मॉर्फीन अत्यावश्यक नार्कोटिक औषधांत आले, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवता येतात. मान्यतेचा अर्ज, कुलूपबंद कपाट, रोजचं रजिस्टर, मुख्यतः एवढंच लागतं. हे काम कोणी करायचं यावर टोलवाटोलवी होते आणि शेवटी बाईच्या पाठीत मिळेल ते जातं. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात अर्ज तुम्हीच लिहा.

बाकीची थोडक्यात. क्लोनिडीन १५ ते ३० मायक्रोग्रॅमला चालतं, पण बीपी पाडतं. रक्तस्रावाची शंका असेल तिथे अजिबात नको. बुप्रेनॉर्फिन ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिली, दुखणं छान लांबवतं, पण उलट्या फार. मॅग्नेशियमने लागू व्हायला उशीर होतो. निओस्टिग्मिन उलट्यांमुळे बाद. मिडाझोलमच्या नेहमीच्या व्हायलमध्ये बेंझिल अल्कोहोल असतं, केटामिनच्याही व्हायलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह. दोन्ही पाठीत जाता कामा नयेत.

रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची अँप्यूल स्पायनलच्या ट्रेजवळ ठेवू नका. हेवीच्या अँप्यूलशी ती दिसायला जुळते. चुकून पाठीत गेली तर कमरेत-पायात भयंकर कळा, झटके, हृदयाची लय बिघडणं, आणि जवळपास निम्म्या जणी दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यावर स्वतंत्र इशारा दिला आहे. तिची जागा दुसऱ्या खोलीत ठरवा.

वर सांगितलेले डोस धडधाकट बाईचे आहेत. बीपी चढवणारं फेनिलेफ्रिन आधीच भरून ठेवा: १० मिलिग्रॅम १०० मिली सलाइनमध्ये, १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. औषध मिसळलं म्हणून डावीकडे कलवणं सुटत नाही आणि थंड स्पर्शाने चौथ्या थोरॅसिकपर्यंत (साधारण स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत) लेव्हल तपासल्याशिवाय चिरा नाही. फार स्थूल किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्या बाईला मॉर्फीन नको. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तरीही नको. तिथे फेंटानिल १० मायक्रोग्रॅम पुरे, तेही प्लेटलेट पाहून स्पायनल द्यायचा निर्णय झाल्यावर.