इंजिनाचा एअर फिल्टर कुठे बसवायचा?

फिल्टर बॉनेटखाली जिथे जागा उरेल तिथे बसवू नका, आधी हवा कुठून घ्यायची ते ठरवा. रेडिएटरमागची किंवा एक्झॉस्टजवळची हवा तापलेली असते. बाहेर 30 अंश असताना इंजिनाने 60 अंशांची हवा ओढली, तर तिची घनता साधारण 9 टक्क्यांनी घटते, आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात जाते. हलक्या गाडीत हे लगेच जाणवतं.

समोरून वारा कोंबून ताकद वाढेल, ही आशा मात्र सोडा. ताशी 100 किलोमीटरला मिळणारा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नसतो. थंड हवा मिळाली की पुष्कळ झालं.

हवा ओढणाऱ्या पाइपचं तोंड उंचावर ठेवा. चाकामागे किंवा बंपरच्या खाली नकोच. तिथे चिखल तर उडतोच, पण साचलेल्या पाण्यातून जाताना घोटभर पाणी सिलिंडरमध्ये गेलं तरी पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाणी दाबलं जात नाही ना! एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या, तळाला निचऱ्याचं छोटं भोक हवंच.

ट्रम्पेट, म्हणजे इंजिनात हवा नेणारे कर्ण्यासारखे पाइप, असतील तर त्यांच्या तोंडासमोर फिल्टरची पाटी चिकटवू नका, निदान तोंडाच्या व्यासाइतकी मोकळी जागा सोडा. इंजिन आपल्या माउंटवर, म्हणजे आधारांवर, हलतं, म्हणून पाइपमध्ये एक लवचिक रबरी तुकडा घाला. फिल्टरनंतरचा प्रत्येक क्लॅम्प नीट तपासा, कारण तिथून शिरणारी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

आणि फिल्टर मोठाच घ्या. बॉनेट लावून पाहिल्याशिवाय ब्रॅकेट वेल्ड करू नका.