वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या पेटीतला बांबूचा कंगवा

प्रश्न : ताई नमस्कार. माझे आजोबा फॉरेस्टमध्ये होते आणि १९५० नंतर काही वर्षं त्यांची पोस्टिंग बस्तरला होती. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक बांबूचा कंगवा सापडलाय, वीतभर लांब, दात खाली आणि वरच्या भागावर त्रिकोण, नागमोडी रेघा, सगळं काळपट कोरलेलं. मी व्हिडिओ बघितले तर त्यात सांगतात की घोटुलमधला मुलगा असा कंगवा करून मुलीला देतो, तिने तो डोक्यात खोवला की लग्न पक्कं. खरंच असं असतं का? आणि टिकावा म्हणून तेल लावू की वॉर्निश मारू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आधी तेलाची बाटली आणि वॉर्निशचा डबा दोन्ही बाजूला ठेवा, मग बाकीचं बोलू.

तेव्हा नागपूरच्या माणसाला बस्तरची पोस्टिंग मिळणं अगदी साहजिक होतं, कारण बस्तर संस्थान १९४८ मध्ये मध्य प्रांतात विलीन झालं आणि १९५६ पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. विदर्भातल्या कितीतरी घरांत त्या काळातली एखादी वस्तू पडून असेल आणि कोणाला पत्ताही नसेल, म्हणून तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

आता लग्नाचं. बस्तरच्या उत्तर भागातले, म्हणजे कोंडागाव-नारायणपूरकडचे मुरिया गोंड, त्यांच्यात घोटुल ही लग्न न झालेल्या मुलामुलींनी संध्याकाळी जमायची आणि रात्री झोपायची संस्था, लिंगो देवाने सुरू केलेली असं ते मानतात. मुलगा तो चेलिक, मुलगी ती मोटियारी. चेलिक कंगवे करतात आणि मोटियारींना देतात हे खरंय, प्रेमाने देतात हेही खरं, मुली एकापेक्षा जास्त कंगवे केसांत खोवायच्या आणि संध्याकाळी घोटुलमध्ये त्याच मुली चेलिकांचे केस विंचरायच्या. पण त्यावरून लग्न ठरायचं नाही हो! मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला बस्तरमध्ये राहिले होते (हा माणूस १९२७ मध्ये इंग्लंडहून आला तो आधी आपल्या पुण्यात), त्यांनी १९४७ मध्ये मुरियांच्या घोटुलवर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात हे स्पष्ट आहे की लग्नं बहुतेक वेळा घरचेच जुळवायचे, आणि घोटुलमधला जोडीदार वेगळा नि नवरा वेगळा असं सर्रास व्हायचं. लग्न झालं की घोटुल सुटायचं. त्यामुळे कंगव्याला साखरपुड्याची अंगठी करून टाकणं चुकीचंच आहे. व्हिडिओवाल्यांना घोटुल म्हटलं की एकच विषय सुचतो. तिथे मुलं नाच शिकायची, गाणी शिकायची, गावातल्या लग्नाला आणि कोणी वारलं तरी कामाला जायची, हे कोणी सांगत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या हातातला कंगवा उजेडात धरून नीट बघा. दात बांबूच्या उभ्या धाग्याच्या दिशेनेच कापलेले दिसतील, आडवे कापले असते तर पहिल्याच गुंत्यात मोडले असते. एका बाजूला गुळगुळीत चकाकी असेल ती बांबूची बाहेरची साल, तिच्यात सिलिका असते म्हणून ती टणक, आणि नक्षी बहुतेक त्याच बाजूला असते. रेघा काळ्या आहेत आणि कडेला किंचित तपकिरी झाक आहे का? असेल तर तापवलेल्या लोखंडाने डागून काढल्यात. बस्तरमध्ये हवेत फिरवून वाजवायची बांबूची बासरी मिळते, तिच्यावरही नक्षी अशीच डागतात. यात खोडरबर नाही, एकदा टेकवलं की टेकवलं, म्हणून एखादा त्रिकोण शेजारच्यापेक्षा जरा जाड झालेला दिसेल, तो मला सगळ्यात जास्त आवडतो.

जपायचं कसं? बांबूत स्टार्च असतो, भुंगेरे त्यासाठीच येतात. पेटीत पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली तर कीड चालू आहे असं समजा. मग कंगवा कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, म्युझियममध्येही असंच करतात. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. एरवी मऊ कोरडा ब्रश पुरे. धुवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही.

प्रश्न : गडचिरोलीतही गोटूल आहे ना? मग तिथेही हीच पद्धत का? (एक विद्यार्थिनी, वर्धा)

उत्तर : गोटूल, म्हणजे घोटुलच, आहे, पण सगळीकडे एकसारखं नाही. भामरागडकडच्या माडिया गोंडांत मुली संध्याकाळी नाचगाण्याला येतात आणि झोपायला घरी जातात. मुरियांबद्दल वाचलेलं जसंच्या तसं माडियांना चिकटवू नका, प्रोजेक्टमध्ये ही चूक फार होते. बांबूबद्दल लिहिणार असाल तर धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव घ्याच. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर गावाचा एकत्रित हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकायचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हातात आला, नाहीतर तोवर दारातल्या जंगलातला बांबू विकायचाही हक्क नव्हता.

प्रश्न : पहिल्या वाचकांच्याच घरून. कंगव्याचा एक दात मोडलाय, फेविकॉलने चिकटवू का? (त्यांची बहीण)

उत्तर : नको. मोडलेला तुकडा छोट्या पाकिटात घालून कंगव्यासोबतच ठेवा. आणि एका चिठ्ठीवर आजोबांचं नाव, पोस्टिंगचं गाव, साल, जेवढं घरातल्या मोठ्यांना आठवतं तेवढं पेन्सिलने लिहून त्याच डब्यात टाका, हे आजच करा, मोठी माणसं आहेत तोवर.