किटने काढलेला प्लाझ्मिड डीएनए औषधासाठी का चालत नाही?
पुण्यातील आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किटने (तयार रसायनसंचाने) काढलेला प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतील गुणसूत्राबाहेरचा छोटा वर्तुळाकार डीएनए, जेलवर (डीएनए आकारानुसार वेगळा करून पाहण्याच्या चाचणीत) स्वच्छ दिसतो, मग तो औषधासाठी का चालू नये, असे आपण विचारले आहे. जेलवर एंडोटॉक्सिन (ताप आणणारे जिवाणूजन्य विष) दिसत नाही, हे पहिले कारण. ज्यात प्लाझ्मिड वाढवतात त्या ई. कोलाय जिवाणूच्या बाह्य आवरणातून ते येते आणि प्लाझ्मिडप्रमाणेच ऋणभारित असल्याने ऋणायन-विनिमय स्तंभातही (ऋणभारित रेणू धरून ठेवणाऱ्या शुद्धीकरण-नळीतही) प्लाझ्मिडची पाठ सोडत नाही. शिवाय किटमधील आरएनेज (आरएनए तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) बहुधा गायीच्या स्वादुपिंडातले असते; औषधनिर्मितीत प्राणिजन्य विकरे शक्यतो टाळतात आणि आरएनए कॅल्शियम क्लोराइडने साक्यात बसवता येते.

खरी गोम मात्र पेशी फोडण्यातच आहे. सोडियम हायड्रॉक्साइड व एसडीएस (एक डिटर्जंट) घातल्यावर द्रावण शेंबडासारखे चिकट होते. त्या वेळी नळी जोरात हलवली (नवशिके हमखास हलवतात), तर गुणसूत्राचे तुकडे होतात आणि पोटॅशियम ॲसिटेट घातल्यावर पांढऱ्या गुठळ्यांत अडकण्याऐवजी ते प्लाझ्मिडसोबत द्रावणातच राहतात. प्लाझ्मिडची अतिवेटोळी (स्वतःभोवती घट्ट पिळलेली, सुपरकॉइल्ड) रचनाही टिकावी लागते: डीएनए लशींत तिचे प्रमाण शक्यतो ८० टक्क्यांहून अधिक असावे, असे अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे.