जेरुसलेम व्हायरस: आधी मशीन बंद करा

जुन्या डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम) पीसीवर जेरुसलेम सापडला म्हणून घाबरू नका. १९८७ चा आहे, नीट निघतो. नवखे एकच चूक करतात: त्याच चालू मशीनवर क्लीनर (व्हायरस काढणारा प्रोग्रॅम) चालवतात. हा मेमरीत ठाण मांडून बसतो, जो प्रोग्रॅम चालवाल त्याला चिकटतो.

- मशीन पूर्ण बंद करा.
- स्वच्छ, राइट-प्रोटेक्ट (जिच्यावर काही लिहिता येत नाही अशा) फ्लॉपीवरून बूट करा, म्हणजे मशीन सुरू करा. सव्वापाच इंची असेल तर खाचेवर चिकटपट्टी लावा.
- बाधित फाइली उडवा, मूळ डिस्कवरून परत टाका.

ओळख सोपी. प्रोग्रॅमच्या फाइली दोन प्रकारच्या: कॉम (.COM) फाइल एकदाच १८१३ बाइट्सनी वाढते, ईएक्सई (.EXE) मात्र चालवाल तितक्यांदा फुगते (व्हायरस लिहिणाऱ्याचीच चूक!). तेरा तारखेच्या शुक्रवारी तो चालवलेला प्रोग्रॅमच पुसतो, तेव्हा तारीख बदलून गंमत बघू नका. आणि फ्लॉप्यांचा डबा? तोही तपासा.